ऑलस्पाइसचं झाड : अकरा वर्षं झाली, फुलं येतात, फळ का नाही?

मृदुला_आगर
१८ मे २०२३

नमस्कार मंडळी. इथले बागकामाचे धागे आजवर नुसते वाचत आले, आज पहिल्यांदाच विचारते आहे.

आमचं आगर गुहागर तालुक्यात. नारळ-सुपारीत चार जायफळं, विहिरीच्या कडेला दालचिनी आणि पाटाच्या वरच्या अंगाला एक ऑलस्पाइस. ते माझ्या सासऱ्यांनी, भाऊंनी, २०१२च्या पावसाळ्यात लावलं. रोप एका रोपवाटिकेतलं. 'तिसऱ्या वर्षापासून फळ धरेल' असं तिथे सांगितलं होतं. भाऊ दर उन्हाळ्यात झाडाखाली उभे राहून कपाळावर हात धरून वर बघायचे. २०१९ला ते गेले.

आज झाड वीस-बावीस फूट आहे. खोड पेरूसारखं गुळगुळीत, सालीचे पातळ पापुद्रे सुटतात. नुसतं बाजूने गेलं तरी लवंगेचा वास येतो. पाच-सहा वर्षं झाली, मार्च-एप्रिलात बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात, मधमाश्यांची झुंबड उडते, मग खाली पांढरा सडा पडतो आणि संपलं. फळ एकही नाही.

शेणखत, पेंड, पाटाचं पाणी, सगळं वेळेवर आहे. दीर म्हणतात, या जूनमध्ये तोडू आणि तिथे माड लावू. त्यांचंही चूक नाही, पाटाकडची जागा मोलाची असते. पण मला तोडवत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा, काय चुकतंय?

प्राची_गच्ची
१८ मे २०२३

मृदुलाताई, आधी एक खात्री करून घ्या, झाड ऑलस्पाइसच आहे ना? मी पुण्यात 'ऑलस्पाइस' म्हणून आणलेलं रोप 'बे रम'चं निघालं. वास जवळजवळ तसाच, म्हणून चार वर्षं कळलं नाही.

वाडीतला_माड
१९ मे २०२३

माझं कुडाळकडे अगदी असंच एक झाड आहे. नऊ वर्षांचं. फुलं येतात, फळ नाही. धाग्यावर बसून आहे.

कृषीकाका
१९ मे २०२३

मृदुलाताई, घाईने कुऱ्हाड लावू नका. तुमच्या झाडाला बहुतेक काहीही झालेलं नाही.

आधी ओळख. ऑलस्पाइस म्हणजे पिमेंटा डायोइका. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी यांच्याच कुळातलं, म्हणून साल पेरूसारखी आणि वास लवंगेसारखा. लवंगेत जे युजेनॉल असतं तेच याच्या पानात आणि फळात मुख्य आहे. प्राचीताई म्हणतात ते 'बे रम' म्हणजे पिमेंटा रेसिमोसा, याची सख्खी बहीण. त्याचं पान टोकाकडे जास्त रुंद, गोलसर आणि चामड्यासारखं जाड. पण पानावर विसंबू नका, फूल बघा. फुलाच्या पाठीमागच्या हिरव्या निदलाचे भाग चार असतील तर ऑलस्पाइस, पाच असतील तर बे रम.

आता मुख्य गोष्ट. नावातलं 'डायोइका' हेच उत्तर आहे. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. तुमच्याकडे जायफळं आहेत, त्यामुळे हे तुम्हाला समजावायला नको. पण जायफळात नर-मादीची फुलं बघताच ओळखता येतात. इथे घोळ असा की दोन्ही झाडांच्या फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. वरून बघितलं तर दोन्ही पूर्ण फुलं. प्रत्यक्षात नराच्या फुलातलं स्त्रीकेसर कामाचं नसतं आणि मादीच्या फुलातले परागकण निकामी असतात. एकटं झाड मग ते नर असो की मादी, आयुष्यभर फुलेल आणि फळणार नाही.

ओळखायची खूण मोजणीत आहे. नराच्या फुलात साधारण शंभर पुंकेसर असतात, मादीच्या फुलात त्याच्या निम्मे. झाडावर अजून फुलं उरली आहेत का? असतील तर दहा-बारा काढा, काळ्या कागदावर ठेवा, भिंग आणि सुई घ्या आणि मोजा. वाडीतला माड, तुम्हीसुद्धा.

मृदुला_आगर
१९ मे २०२३

काका, खूप आभार. वरच्या फांद्यांवर थोडी उशिराची फुलं आहेत. उद्या मुलाला शिडीवर चढवते. अकरा वर्षांत हे कुणीच सांगितलं नव्हतं. भाऊंना कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी जोडीदार शोधून आणला असता.

सातासमुद्रापार
२० मे २०२३

हा धागा बघून राहवलं नाही. कामानिमित्त मी तीन वर्षं जमैकात, किंग्स्टनला होतो. हे झाड मूळचं तिकडचंच, जमैका, क्युबा, दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. जमैकात 'ऑलस्पाइस' म्हणून मागितलं तर दुकानदार आधी बघतच राहतो, तिथे त्याला पिमेंटो म्हणतात. स्पॅनिश लोकांना फळ मिरीसारखं दिसलं म्हणून त्यांनी मिरीचंच नाव दिलं. लवंग, दालचिनी, जायफळ यांचा मिळून वास येतो म्हणून इंग्रजांनी ऑलस्पाइस म्हटलं. लोकांना वाटतं हा पाच-सहा मसाल्यांचा तयार गरम मसाला आहे. तसं नाही, एकाच झाडाचं एकच फळ.

सेंट अ‍ॅन भागातल्या टेकड्यांवर एका शेतकऱ्याकडे मी दोन दिवस राहिलो होतो. त्याच्या कुरणात गाई चरत होत्या आणि मधे मधे चंदेरी खोडांची पिमेंटोची झाडं. यातलं एकही आपण लावलेलं नाही, पक्ष्यांनी लावलंय, असं तो म्हणाला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या समज होता की बी पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही. आता रोपवाटिकेत बियांपासून रोपं करतात, पण म्हातारी माणसं अजून तेच सांगतात.

काढणी ऑगस्टच्या सुमाराला. फळ पूर्ण भरलेलं पण हिरवंच हवं. पिकून जांभळं झालं की गोडसर होतं आणि वास उतरतो. घोस असलेल्या डहाळ्या मोडून खाली टाकतात, बायका-मुलं सावलीत बसून फळं तोडतात. मग सिमेंटच्या मोठ्या खळ्यावर वाळवण. त्या खळ्याला ते लोक 'बार्बेक्यू' म्हणतात! आठवडाभर ऊन द्यायचं, संध्याकाळी गोळा करून झाकायचं, पावसाचा थेंब लागू द्यायचा नाही. त्या शेतकऱ्याने मूठभर दाणे माझ्या कानाशी नेऊन हलवले. आतल्या दोन बिया खुळखुळल्या. 'वाळलं' हे तो कानाने ठरवत होता.

आणि पोर्टलंडमधल्या बोस्टन बे इथे पिमेंटोच्या ओल्या लाकडांवर भाजलेलं जर्क पोर्क खाल्लं. मसाल्यातही पिमेंटो आणि धुरातही पिमेंटो. तो धूर अंगावरच्या शर्टातून दोन धुण्यांनंतरही गेला नव्हता.

शिरसीचा_बागायतदार
२० मे २०२३

मी शिरसीजवळ असतो, घरात मराठी. आमच्या सुपारीच्या बागेत ऑलस्पाइसची सात झाडं आहेत, त्यातली पाच धरतात. दोन नर असावेत, कारण त्यांना फुलं सगळ्यात जास्त आणि फळ शून्य. वडील ती दोन तोडणार होते. तोडली असती तर उरलेली पाचही रिकामी राहिली असती. दहा माद्यांना एक नर पुरतो असं म्हणतात, परागीकरणाचं काम मधमाश्या करतात.

मृदुलाताई, एक स्पष्ट सांगतो. जोडीदार मिळाला तरी किनाऱ्यालगतच्या सपाटीवर फळधारणा कमीच होते. घाटावर, थोड्या उंचीवर हे झाड मनापासून धरतं. किनाऱ्याकडे आमच्या पाहुण्यांची झाडं आहेत, नर-मादी दोन्ही असून ओंजळभर फळ येतं. तेव्हा मोठ्या उत्पन्नाच्या आशेने करू नका, घरच्या मसाल्यापुरतं मिळेल असं धरून चाला.

बियांचं रोप असेल तर पहिलं फळ यायला सहा-सात वर्षं सहज लागतात, पूर्ण भरायला पंधरा-वीस. 'तिसऱ्या वर्षी फळ' हे फक्त मादी झाडाच्या कलमालाच लागू. बियांचं रोप विकून तसं सांगणं चुकीचं आहे. माणूस त्या भरवशावर अर्धं आयुष्य काढतो.

नीलम_वसई
२० मे २०२३

माझा छोटा प्रश्न. वाण्याकडून ऑलस्पाइसचे दाणे आणून पेरले, दोन महिने झाले काहीच नाही. आणि दुसऱ्या दुकानात कबाबचिनी म्हणून दिलं ते हेच का?

कृषीकाका
२१ मे २०२३

नीलमताई, मसाल्याचे दाणे हिरवे तोडून उन्हात वाळवलेले असतात, त्यातलं बी मेलेलं असतं. पेरायला झाडावरच पूर्ण पिकलेलं, काळपट जांभळं फळ हवं. गर चोळून धुवा आणि लगेच पेरा. हे बी फार दिवस टिकत नाही. वाळू, शेणखत आणि माती सारखी घेऊन वाफा सावलीत करा, पाणी झारीने द्या. महिन्याभरात कोंब दिसतात. रोप नऊ-दहा महिन्यांचं झाल्यावर जूनमध्ये जमिनीत लावा, दोन झाडांत वीस फूट ठेवून. नर निघणार की मादी हे मात्र फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून चार-पाच रोपं तरी लावावीत.

आणि कबाबचिनी म्हणजे कंकोळ, ती मिरीची वेल. दाणा हातात घेऊन बघा. कंकोळाला बारीक शेपूट असतं. ऑलस्पाइसला शेपूट नसतं, उलट माथ्यावर निदलाची छोटी चक्ती चिकटलेली असते, पेरूच्या बुडाशी असते तशी.

प्राची_गच्ची
२१ मे २०२३

गच्चीवाल्यांसाठी माझे दोन शब्द. पानासाठीच झाड हवं असेल तर नर-मादीची चिंता सोडा. बे रम कळल्यावर मी खरं ऑलस्पाइसही मिळवलं, दोनशे लिटरच्या अर्ध्या कापलेल्या पिंपात आहे. दर वर्षी पाऊस सुरू झाला की शेंडा छाटते, साडेचार-पाच फुटांवर ठेवते, त्यामुळे झाड भरगच्च होतं. एप्रिल-मेच्या दुपारी हिरव्या जाळीची सावली लागते, नाहीतर कोवळी पालवी करपते. आमच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याने पानांच्या कडा तपकिरी व्हायच्या. पावसाचं साठवलेलं पाणी अधूनमधून द्यायला लागले तेव्हा नवी पानं स्वच्छ आली. कुंडीत पाणी साचू देऊ नका, एवढं एकच पथ्य मी काटेकोर पाळते.

पान तमालपत्रासारखं वापरतात, पण तमालपत्र नव्हे. तमालपत्रावर देठापासून तीन ठळक शिरा टोकाकडे जातात, याला मधे एकच शीर आणि दोन्ही बाजूंना बारीक फांद्या. चार माणसांच्या पुलावाला एक पान पुरे. दोन घातली तर भात औषधासारखा लागतो. चहात अर्धं पान, आल्यासोबत. मटणाच्या रश्श्यात हिरवं पान हाताने मधोमध फाडून घालते, फाडल्याशिवाय वास मोकळा होत नाही.

मृदुला_आगर
२१ मे २०२३

मोजलं!

मुलाने चौदा फुलं काढली. देवघरातलं काळं वस्त्र ओट्यावर पसरलं, माझ्या सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग घेतलं आणि दुपारभर आम्ही तिघं, मी, मुलगा आणि सासूबाई, सुईने एकेक केसर सोडवत बसलो. केसर इतके नाजूक की श्वासानेही उडतात, पंखा बंद करावा लागला. निदलाचे भाग चार. म्हणजे ऑलस्पाइस पक्कं. पुंकेसर पहिल्या फुलात ९२, मग १०४, ८९, ९७... एकाही फुलात ऐंशीच्या खाली आलं नाही.

नर आहे.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'म्हणजे भाऊंनी केलेलं काही चुकलं नव्हतं.' मला इथे लिहितानाही भरून येतंय.

वाडीतला_माड
२३ मे २०२३

मीही मोजलं. झाडावर चार-पाचच फुलं शिल्लक होती, त्यातली तीन धड मिळाली. ४७, ५१, ४४. पाठीमागे चार भाग. काका, ही मादी ना?

कृषीकाका
२३ मे २०२३

मादी. तीनच फुलांवर शंभर टक्के सांगू नये, पण आकडे इतके लांब आहेत की शंकेला जागा कमी आहे. पुढच्या बहरात पुन्हा मोजा.

गुहागरला एकटा नर, कुडाळला एकटी मादी. त्यातलं एक तर तोडायलाच निघालेलं. आता आपापल्या झाडाच्या फांद्यांवर गुटी बांधा, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून रोप करा, आणि देवाणघेवाण करा. बियांच्या रोपावर सहा वर्षं वाट बघायची आणि मग नर निघाला की मादी हे बघायचं, त्यापेक्षा हे खात्रीचं.

वाडीतला_माड
२३ मे २०२३

मी तयार आहे. मृदुलाताई, तुम्हाला हव्या तेवढ्या गुट्या करून देतो. काका, कल्टारने काही फरक पडेल का? आंब्याला आम्ही घालतोच.

कृषीकाका
२४ मे २०२३

नको. कल्टार फुलं आणतं. तुमच्या झाडाला फुलं येतच आहेत, परागकण नाहीत. चुकीच्या दुखण्यावर औषध होईल.

गुटी अशी करा. पहिला पाऊस पडून हवा ओली झाली की उन्हाकडची, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, सरळ फांदी निवडा. शेंड्यापासून दीड-दोन फुटांवर एक इंच रुंदीची साल गोल काढा. आतला हिरवट चिकट थर चाकूच्या पाठीने खरवडून पूर्ण पुसा, तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. वरच्या काठाला मुळं फुटण्याची पावडर लावा, ओलं करून पिळलेलं शेवाळ मूठभर गुंडाळा, त्यावर प्लास्टिक आणि दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. हे झाड मुळं फोडायला आळशी आहे. डाळिंबासारखं महिन्या-दीड महिन्यात होणार नाही, तीन महिने धरा, कधी चार. दहा बांधाल तेव्हा तीन-चार लागतील. मुळं पांढरी न राहता तपकिरी होऊन प्लास्टिकमधून दिसायला लागली की मगच कापा आणि निदान दोन महिने पिशवीत सावलीत सांभाळा.

सातासमुद्रापार
२४ मे २०२३

मातीबद्दल एक सुचवू का? सेंट अ‍ॅनच्या त्या टेकड्या सगळ्या चुनखडीच्या आहेत, पाणी ठरतच नाही. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. काका, चुना द्यावा का?

कृषीकाका
२४ मे २०२३

चांगला मुद्दा. माती तपासून घ्या, सामू (पीएच) फार खाली असेल तर खड्डा भरताना थोडा शेतीचा चुना मिसळा, शेणखतासोबत एकदम नको, पंधरा दिवस आधी. पण चुन्यापेक्षा निचऱ्याकडे लक्ष द्या. आगरात पाटाच्या खालच्या अंगाला, जिथे श्रावणात पाय रुततो, तिथे हे झाड लावूच नका. मृदुलाताईंच्या सासऱ्यांनी वरच्या अंगाला लावलं, ते जाणून लावलेलं दिसतंय. खड्डा अडीच फुटांचा, आळं बांधून भोवती नारळाच्या सोडणांचं आच्छादन, पहिली दोन वर्षं झापांची सावली, मार्च ते मे आठवड्यातून दोनदा पाणी. वाळवी असेल तर बुंध्याशी ओला पाला थेट टेकवू नका.

मृदुला_आगर
१७ जून २०२३

पाऊस लागला. काल सहा गुट्या बांधल्या. दिरांनी स्वतः बांधल्या, त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. माडांसाठी त्यांनी विहिरीमागची जागा साफ केली आहे.

वाडीतला_माड
२० जून २०२३

इकडे आठ बांधल्या. दोन फांद्या वाऱ्याने मोडल्या, सहा शिल्लक.

मृदुला_आगर
८ ऑक्टोबर २०२३

सहातल्या दोनच लागल्या. बाकीच्यांत गाठ आली पण मुळं नाहीत, एकीचं शेवाळ मुंग्यांनी पोखरून नेलं होतं. त्या दोन कापून पिशवीत लावल्या आहेत.

वाडीतला_माड
११ ऑक्टोबर २०२३

माझ्या तीन. एकीची पानं गळली, दोन टवटवीत आहेत.

शिरसीचा_बागायतदार
१२ ऑक्टोबर २०२३

पहिल्या वर्षी एवढ्या लागल्या म्हणजे खूप झालं. पहिलं दीड वर्ष आलेली फुलं खुडून टाका, मुळं धरू देत. आणि नराच्या झाडाला छाटू नका.

मृदुला_आगर
३ जानेवारी २०२४

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी वाडीतला माड आणि त्यांच्या घरच्या रत्नागिरीला एका लग्नाला आल्या होत्या. आम्ही तिथे जाऊन भेटलो. त्यांनी दोन माद्या आणल्या, मी दोन नर नेले. पिशव्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, पायांच्या मधे धरून मागच्या सीटवर बसून आले. वाटेत प्रत्येक वळणावर पानं हातावर घासत होती, घरी पोचेपर्यंत हातांना लवंगेचा वास.

थंडीत जमिनीत घालू नका असं काकांनी फोनवर सांगितलं आहे, म्हणून त्या दोघी सध्या न्हाणीघराच्या पडवीत आहेत. जूनमध्ये लावायच्या. खड्ड्यांच्या जागा सासूबाईंनी ठरवल्या, भाऊंच्या झाडापासून वीस-वीस फुटांवर. तिथे दिरांनी काल बांबूच्या दोन खुंट्या ठोकल्या.